कॉलनीतली मोकळी जागा नेमकी कुणाची? घराचा उतारा काढता, तसा तिचाही काढा

तालुक्याच्या गावाला लागून गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कॉलन्या उभ्या राहिल्या. शिक्षक, एसटीचे कर्मचारी, निवृत्त फौजी, साखर कारखान्यातले कामगार, पोरांच्या शाळेसाठी वाडीवस्तीवरून गावात आलेली कुटुंबं यांनी पै-पै साठवून दोन-तीन गुंठ्यांचे प्लॉट घेतले आणि घरं बांधली. आपल्या घराचं खरेदीखत प्रत्येकाच्या कपाटात जपून ठेवलेलं असतं. पण कॉलनीच्या मध्यावर जी मोकळी जागा आहे, जिथं पोरं क्रिकेट खेळतात आणि गणपतीचा मांडव पडतो, तिचा कागद कुणाकडं आहे, हे विचारलं की एकमेकांच्या तोंडाकडं बघायची वेळ येते.

अडचण कळते ती उशिरा. एक दिवस त्या जागेवर चुन्याची फक्की पडते, खांब रोवले जातात, तार ओढली जाते. चौकशी केली की समजतं, जागेची खरेदी झाली आहे. "ही तर आपली ओपन स्पेस ना?" असं सगळे म्हणतात, पण हातात कागद कुणाच्याच नसतो. ही जागा येते कुठून, ती विकली कशी जाते आणि वाचवायची असेल तर रहिवाशांनी काय करायचं, ते समजून घेणं म्हणूनच गरजेचं आहे.

मोकळी जागा आली कुठून?

शेतजमिनीचे प्लॉट पाडायचे तर ती जमीन बिगरशेती, म्हणजे एन.ए., करावी लागते आणि रेखांकन म्हणजे लेआउट मंजूर करून घ्यावं लागतं. मंजुरी देताना प्रशासन जमीनमालकाला काही अटी घालतं. रस्ते किती रुंद ठेवायचे, गटार कुठून काढायचं आणि किती जागा मोकळी सोडायची, हे त्यात ठरतं.

राज्यात डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार ०.४ हेक्टर, म्हणजे ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के जागा करमणुकीसाठी व खेळासाठी मोकळी ठेवावी लागते. मुंबईसारखे काही भाग या नियमावलीतून वगळले आहेत. त्याआधी मंजूर झालेल्या जुन्या लेआउटमध्येही त्या वेळच्या नियमांप्रमाणे मोकळी जागा दाखवलेली असते.

आता हिशेब बघा. एक एकर म्हणजे ४० गुंठे. पाच एकरांचा लेआउट असेल तर २०० गुंठे झाले. त्याचे १० टक्के म्हणजे २० गुंठे. एक गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, म्हणजे ही मोकळी जागा २१,७८० चौरस फूट भरते. गावाबाहेरचे दर ज्या वेगानं चढले आहेत ते बघता ही जागा आता सगळ्यांच्या डोळ्यांत भरणारी झाली आहे.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. ही जागा मालकानं कॉलनीला फुकट दिलेली नसते. रस्ते आणि मोकळी जागा सोडून जे प्लॉट उरतात, त्यांच्या दरातच सोडलेल्या जागेची किंमत धरलेली असते. "समोर बाग आहे, नऊ मीटरचा रस्ता आहे" असं नकाशावर बोट ठेवून दाखवूनच प्लॉट विकले जातात. म्हणजे मोकळ्या जागेचे पैसे प्लॉटधारकांनी आधीच मोजलेले असतात.

मग ती विकली कशी जाते?

गफलत होते ती महसुली नोंदींत. लेआउट मंजूर झाल्यावर भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी होते, कमी-जास्त पत्रक तयार होतं आणि त्यावरून प्रत्येक प्लॉटचा स्वतंत्र सातबारा निघतो. प्लॉट विकला की त्यावर घेणाऱ्याचं नाव लागतं. मोकळी जागा आणि रस्ता मात्र कुणी विकत घेत नाही, त्यामुळं त्यांच्या उताऱ्यावर मूळ मालकाचंच नाव राहतं. 'इतर हक्क' या रकान्यात 'लेआउटमधील मोकळी जागा' असा शेरा मारलेला नसेल, तर तो उतारा दुसऱ्या कुठल्याही जमिनीच्या उताऱ्यासारखाच दिसतो. काही ठिकाणी तर मोकळ्या जागेचा वेगळा सातबाराच निघालेला नसतो. मूळ गटाच्या उताऱ्यावर 'शिल्लक क्षेत्र' म्हणून ती तशीच पडून राहते.

पुढं मूळ मालक वारतो. वारसांची नोंद होते. नातवाला उताऱ्यावर आजोबांच्या नावचे वीस गुंठे दिसतात. ते कशासाठी सोडले होते, हे त्याला ठाऊक नसतं. कधी चांगलं ठाऊक असूनही तो गप्प बसतो. गिऱ्हाईक येतं आणि व्यवहार होतो.

"पण रजिस्टर ऑफिसनं खरेदी केलीच कशी?" असा प्रश्न लोक विचारतात. दुय्यम निबंधक दस्त नोंदवताना कागदपत्रं, मुद्रांक शुल्क, देणाऱ्या-घेणाऱ्यांची ओळख हे बघतो. मालकी हक्काचा निवाडा करणं हे त्याचं काम नाही. त्यामुळं खरेदीखत नोंदवलं गेलं, म्हणजे विकणाऱ्याला विकायचा हक्क होता, असं सिद्ध होत नाही. हा मुद्दा कॉलनीवाल्यांच्या बाजूचा आहे. पण तो मांडायला पुरावा लागतो, आणि तो पुरावा म्हणजे मंजूर नकाशा.

सर्वोच्च न्यायालयानं काय सांगितलं आहे?

या विषयावर सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल प्रत्येक कॉलनीनं माहीत करून घ्यावेत असे आहेत.

पहिला १९९१ चा, बंगळूरचा. तिथल्या एका वसाहतीत सार्वजनिक बागेसाठी राखलेली जागा विकास प्राधिकरणानं सरकारच्या आदेशावरून एका खासगी वैद्यकीय ट्रस्टला रुग्णालयासाठी दिली होती. आसपासचे रहिवासी न्यायालयात गेले. 'तुमचा काय संबंध?' असा आक्षेप त्यांच्यावर घेण्यात आला. बागेसाठी ठेवलेली जागा गेली तर नुकसान तिथं राहणाऱ्यांचंच होतं, म्हणून दाद मागायचा त्यांना अधिकार आहे, असं न्यायालयानं मान्य केलं आणि जागेचं वाटप रद्दच राहिलं. रुग्णालय हेही लोकांच्याच उपयोगाचं, हा युक्तिवाद टिकला नाही. हा खटला 'बेंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध बी. एस. मुद्दप्पा' या नावानं ओळखला जातो.

दुसरा १९९५ चा, दिल्लीचा, 'पंडित चेतराम वशिष्ठ' प्रकरणातला. लेआउटमध्ये जी जागा बाग, शाळा किंवा रस्त्यासाठी दाखवली, ती मालकाला पुढं स्वतःसाठी वापरता येत नाही. तो ती रहिवाशांसाठी आणि लोकांसाठी विश्वस्त म्हणून सांभाळतो, असं न्यायालयानं म्हटलं.

पण याच निकालाची दुसरी बाजूही आहे. कायद्यात तशी तरतूद नसेल, तर केवळ लेआउट मंजूर केला म्हणून ती जागा महापालिकेच्या नावावर फुकट होत नाही, असंही न्यायालयानं सांगितलं. मालक ती खुशाल विकू शकत नाही, पण ती आपोआप ग्रामपंचायतीचीही होत नाही, असा याचा साधा अर्थ. ही मधली अवस्था जितकी लांबते, तितका धोका वाढतो. बऱ्याच एन.ए. आदेशांत 'रस्ते व मोकळी जागा स्थानिक संस्थेकडे हस्तांतरित करावी' अशी अट लिहिलेली असते. ती पाळली का, हे मागं वळून कुणी बघत नाही.

रस्त्याचं दुखणंही तेच

मोकळ्या जागेवर अजून कुणाची नजर गेली नसेल, तरी रस्त्याचा त्रास रोजचा आहे. पावसाळ्यात चिखल, गटार नाही, खांबावर दिवा नाही. ग्रामपंचायतीत गेलं की ठरलेलं उत्तर मिळतं, "तुमचे रस्ते आमच्याकडं वर्ग नाहीत." रहिवासी चिडतात. घरपट्टी भरतो, पाणीपट्टी भरतो, दिवाबत्ती कर भरतो, मग रस्ता का नाही?

चीड रास्त आहे, पण उत्तरही अगदीच खोटं नाही. सरकारी निधी खासगी मालकीच्या जागेवर खर्च केला तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो. ग्रामपंचायतीच्या दप्तरात नमुना २३ ही रस्त्यांची नोंदवही असते आणि नमुना २४ ही जमिनींची. कॉलनीचा रस्ता नमुना २३ मध्ये चढलेला नसेल, तर त्या रस्त्याला निधी टाकायला ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) धजावत नाही. घरपट्टी ही घराच्या नोंदीवरून, म्हणजे नमुना ८ वरून, आकारली जाते. घराची नोंद झाली म्हणून घरासमोरच्या रस्त्याची झाली, असं होत नाही.

म्हणून 'आम्हाला रस्ता करून द्या' या अर्जाच्या आधी 'आमचा रस्ता ताब्यात घ्या' हा अर्ज जायला हवा. मूळ मालकाकडून हस्तांतरणाचा नोंदणीकृत दस्त, ग्रामपंचायतीचा तो स्वीकारल्याचा ठराव, नमुना २३ व २४ मध्ये नोंद आणि सातबाऱ्यावर फेरफार अशी ही साखळी आहे. यातली एक कडी राहिली तरी काम अडतं.

नगरपंचायत झाली म्हणून सुटका नाही

सातारा जिल्ह्यात वडूज, दहिवडी, कोरेगाव, लोणंद, पाटण, मेढा, खंडाळा या गावांत आता नगरपंचायती आहेत. इतर जिल्ह्यांतही तालुक्याच्या बऱ्याच गावांचं असंच झालं. नगरपंचायत झाली की जुन्या ग्रामपंचायतीचं दप्तर आणि मालमत्ता तिच्याकडं जाते. पण जे ग्रामपंचायतीच्या नोंदवहीतच नव्हतं, ते पुढं जाणार कसं? अशा कॉलन्यांनी आपली मोकळी जागा नगरपंचायतीच्या मालमत्ता नोंदीत आहे का, हे मुख्याधिकाऱ्यांकडं लेखी विचारून घ्यावं.

गुंठेवारीतल्या वस्तीचं वेगळं

सगळ्याच कॉलन्या एन.ए. नाहीत. कित्येक ठिकाणी शेतजमिनीचेच तुकडे पाडून गुंठे विकले गेले. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळं अशा व्यवहारांच्या नोंदी वर्षानुवर्षं अडकून पडल्या. गुंठेवारी नियमित करण्यासाठी राज्यात २००१ चा कायदा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीनं त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला लागू करण्यात आली.

अशा वस्तीत मंजूर लेआउटच नसतो, त्यामुळं हक्कानं मागावी अशी मोकळी जागाही नसते. तिथं निदान रस्ता तरी राखायला हवा. खरेदीखतातल्या चतुःसीमेत 'पूर्वेस २० फुटी रस्ता' असा उल्लेख आहे का, हे प्रत्येकानं बघावं. उल्लेख असेल तर तो आपला आधार. नसेल तर शेजारच्यांच्या दस्तांत तो आहे का, ते तपासून सगळ्यांच्या नकला एकत्र ठेवाव्यात.

आधी हे कागद काढा

वाद सुरू व्हायच्या आधीच पुढचे कागद कॉलनीच्या फायलीत हवेत.

१. एन.ए. आदेश आणि मंजूर लेआउटचा नकाशा. तहसील, प्रांत किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून आणि नगररचना कार्यालयातून याच्या प्रमाणित नकला मिळतात. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात अर्ज करावा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.

२. मोकळ्या जागेचा आणि रस्त्याचा सातबारा. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो. नाव कुणाचं, क्षेत्र किती आणि 'इतर हक्क' रकान्यात काय लिहिलंय, या तीन गोष्टी बघायच्या.

३. त्या उताऱ्यावरचे सगळे फेरफार. वारस नोंद, खरेदी, बोजा यांतलं काही झालंय का, ते त्यातून कळतं.

४. भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा. कागदावर २० गुंठे आणि जागेवर १७ भरत असतील, तर तीन गुंठे कुणाच्या कुंपणात गेले हे त्यावरूनच निघतं.

५. ग्रामपंचायतीच्या नमुना २३ व २४ चे उतारे.

नव्या कॉलनीत प्लॉट घेणाऱ्यांसाठी आणखी एक आधार आहे. प्रकल्पाची महारेराकडं नोंदणी असेल, तर मंजूर नकाशा तिथं पाहता येतो. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार ठरलेला नकाशा दोन तृतीयांश खरेदीदारांच्या लेखी संमतीशिवाय बदलता येत नाही, आणि सामाईक जागा रहिवाशांच्या संस्थेच्या नावे करून देणं ही विकासकाची जबाबदारी आहे.

एकट्यादुकट्याचं हे काम नाही

एकट्यानं अर्ज केला की तो 'वैयक्तिक वाद' ठरतो. शिवाय गावात नात्यागोत्याचा दाब असतो. जमीनमालक कुणाचा तरी पाहुणा, कुणाचा भावकीतला, कधी पंचायतीतलाच माणूस निघतो. वाईटपणा कोण घेणार, यावरच गाडी अडते. संस्थेच्या नावानं अर्ज गेला की तो वाईटपणा एकट्याच्या अंगावर येत नाही.

संस्था करायला दोन सरळ मार्ग आहेत. एक, सहकार कायद्याखाली प्लॉटधारकांची गृहनिर्माण संस्था. तिची नोंदणी तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात होते. मोकळी जागा संस्थेच्या नावावर करून घ्यायची असेल तर हा मार्ग बरा. दुसरा, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली रहिवासी संघ. त्याला किमान सात सभासद लागतात आणि नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात होते.

संस्था झाली की पहिली साफसफाई घरचीच करावी लागते. मोकळ्या जागेकडं दार काढलेलं, कुंपण दोन फूट पुढं सरकवलेलं, गोठा बांधलेला, वाळू-विटांचा ढीग वर्षभर पडलेला, अशी उदाहरणं आपल्याच गल्लीत सापडतात. बाहेरच्यानं तार ओढली की ओरडायचं आणि शेजाऱ्यानं ओढली की गप्प बसायचं, असं केलं तर समोरचा वकील नेमकं तेच बोट दाखवतो. मंदिर किंवा सभामंडप बांधायचा विचार असेल, तरी मोकळ्या जागेवर मर्यादित बांधकामालाच परवानगी मिळते. त्यामुळं आधी मंजुरी आणि सगळ्यांची संमती, मग पाया.

व्यवहार झालाच तर

खरेदीनंतर सातबाऱ्यावर नोंद धरली जाते, तेव्हा तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) नोटीस काढतो आणि हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. महसूल खात्याच्या 'आपली चावडी' या ऑनलाइन सुविधेवर गावातले प्रलंबित फेरफार कुणालाही बघता येतात. कॉलनीतल्या एखाद्या तरुणानं आठवड्यातून एकदा ते बघायचं काम अंगावर घेतलं, तर पुष्कळ मनस्ताप वाचेल. हरकत लेखी द्यावी, सोबत मंजूर नकाशा जोडावा आणि पोच घ्यावी. हरकत आली की ती नोंद तक्रारी रजिस्टरला जाते आणि सुनावणी होते. निकाल विरोधात गेला तर प्रांताधिकाऱ्यांकडं ६० दिवसांत अपील करता येतं.

जागेवर बांधकाम सुरू झालं असेल, तर मात्र महसुली अपिलाची वाट बघत बसू नये. दिवाणी न्यायालयात जाऊन मनाई हुकूम मागावा लागतो. सातबारा हा महसुली उतारा आहे, मालकीचा अंतिम निकाल दिवाणी न्यायालयच देतं.

जागा ग्रामपंचायतीच्या नोंदीत असेल तर लढाई बरीच सोपी होते. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ५३ नुसार सार्वजनिक रस्त्यावरचं आणि मोकळ्या जागेवरचं अतिक्रमण काढायचा अधिकार पंचायतीला आहे. तिनं चालढकल केली तर जिल्हाधिकाऱ्यांकडं जाता येतं. याच कायद्यात सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणारा माणूस पंचायतीचा सदस्य राहू शकत नाही, अशीही तरतूद आहे. पण या दोन्ही कलमांचा उपयोग जागा 'सार्वजनिक' म्हणून दाखवता आली तरच. म्हणजे फिरून गोष्ट नोंदीवरच येते.

येत्या ग्रामसभेत काय मांडायचं?

वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. त्या प्रथेनं २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास होतात. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती. कॉलनीतली माणसं ग्रामसभेला फारशी जात नाहीत, 'ते गावातल्यांचं' असं समजतात. पण मतदार यादीत नाव असेल, तर ती सभा त्यांचीही आहे.

सभेत मागणी मोजकी असावी. एक, गावाच्या हद्दीतल्या सर्व मंजूर लेआउटमधल्या मोकळ्या जागा आणि रस्ते यांची यादी गट नंबर व क्षेत्रासह करावी. दोन, त्या ताब्यात घेऊन नमुना २३ व २४ मध्ये नोंदवाव्यात. तीन, हस्तांतरण होईपर्यंत सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात 'लेआउटमधील मोकळी जागा' असा शेरा घेण्यासाठी तहसीलदारांना पत्र द्यावं. चार, मोकळ्या जागेवर नाव, क्षेत्र आणि लेआउट मंजुरीचा आदेश क्रमांक लिहिलेला फलक लावावा. हा विषय सभेच्या आधीच लेखी देऊन विषयपत्रिकेवर घ्यायला लावावा आणि ठराव झाल्यावर त्याची नक्कल मागून घ्यावी.

फलकाला खर्च फारसा येत नाही. पण उद्या कुणी जागा बघायला आलंच, तर 'मला माहीत नव्हतं' असं म्हणायची सोय त्याला राहत नाही.